लॅपटॉपला उचकी लागते तेव्हा

"मामा, ऑफिसवाले म्हणतात तुझा आवाज तुटून राहिला. अन आपलं नेट तर शंभरचं आहे!"

यवतमाळहून भाच्याचा फोन. पुण्यातल्या एका कंपनीचं काम तो दारव्हा रोडवरच्या घरी बसून करतो. माडीवरची मागची खोली हेच त्याचं ऑफिस. स्पीड मोजणारी वेबसाइट उघडली की काटा नव्वदच्या पुढे जातो. खाली माझी बहीण त्याच वायफायवर मोबाईलमध्ये कीर्तन ऐकते, तिचं एकदाही अडत नाही. लॅपटॉपवर मात्र मीटिंग सुरू झाली की मधेच समोरच्याचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजतो, मग तीन वाक्यं एकदम धावत येतात आणि पुन्हा सगळं सुरळीत. नेटवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्यानं तीच वेबसाइट उघडली, तोच नव्वदचा काटा दाखवला आणि चहा पिऊन निघून गेला.

जाणकार याला लेटन्सी स्पाइक म्हणतात. मी उचकी म्हणतो, आणि त्याला कारण आहे. उचकी लागली की आजी एकेका माणसाचं नाव घ्यायला लावायची. ज्याच्या नावाशी उचकी थांबली, त्यानं आठवण काढली म्हणायचं. लॅपटॉपची उचकी शोधायची रीतही हीच आहे. एकेक नाव घ्यायचं आणि थांबते का ते बघायचं. इथे ती रीत खरोखर लागू पडते, एवढाच फरक.

रुंदी वेगळी, वाट बघणं वेगळं

"शंभरचं नेट" म्हणजे एका सेकंदात किती माल जाऊ शकतो याचा आकडा. म्हणजे रस्त्याची रुंदी. नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला, त्यामुळे कापसाचे ट्रक एका वेळी जास्त जाऊ लागले. पण कळंबजवळ कोणी पाच मिनिटं रस्ता अडवून धरला तर? दिवसभरात किती ट्रक गेले ही मोजणी जवळपास तीच येईल. त्या पाच मिनिटांत अडकलेल्या माणसाला मात्र रुंदीचं काय कौतुक? स्पीड टेस्ट ट्रक मोजते. उचकी त्या पाच मिनिटांत असते.

काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, दोनशे किलोमीटर. यवतमाळहून पुण्याची तार वळणावळणानं आठशे किलोमीटर गेली असं धरलं तरी जायला ४ आणि यायला ४ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं त्यात आपली भर घालतात. तरीही बोलण्याला अडचण नसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की संभाषण सहसा खटकत नाही. म्हणजे पुणे लांब आहे म्हणून काही अडत नव्हतं.

मग बहिणीचं कीर्तन का अडत नाही? कारण मोबाईल पुढचं काही सेकंदांचं कीर्तन आधीच आणून कणगीत भरून ठेवतो. मधे पुरवठा थांबला तर कणगीतलं काढतो. मीटिंगला कणगी नाही. समोरच्यानं अजून उच्चारलंच नाही ते वाक्य साठवणार कुठून? त्यामुळे "मोबाईलवर व्हिडिओ चालतो की" हा पुरावा धरू नका. भाच्याला म्हटलं, त्याच खुर्चीत बसून, त्याच वायफायवर, मोबाईलवरून मीटिंग लाव. लावली. तासभर एकही उचकी नाही. पहिलं नाव, नेटवाल्याचं, जवळपास सुटलं.

काळी खिडकी

आता मोजणी. विंडोजच्या शोधपट्टीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिली की एक काळी खिडकी उघडते. तिथे 'पिंग', मग राउटरचा पत्ता, आणि शेवटी वजाचं चिन्ह लावून 'टी' असं इंग्रजीत लिहायचं. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीत बघावा. पिंग हा इवलासा प्रोग्राम माइक म्युस यांनी अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. नाव पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या 'पिंग' आवाजावरून घेतलं. तो दर सेकंदाला "आहेस का?" असं ओरडतो आणि "आहे" यायला किती मिलिसेकंद लागले ते एका ओळीत लिहितो.

इथे लोक एक घोटाळा करतात. गुगलला पिंग करतात. उशीर दिसला तर तो खोलीतला, शहरातला की मुंबईतला, काही कळत नाही. राउटरला पिंग केलं तर मधे फक्त तुमच्या घरातली हवा असते. उचकी तिथेच दिसली की बाहेरचं सगळं जग निर्दोष.

भाच्यानं फोटो पाठवला. २, ३, २, २, ४, २, ३४१, १८७, २, ३, २. मी म्हटलं, आकडा सोड, ओळी मोज. एका उचकीपासून दुसरीपर्यंत ५९ ओळी. पुन्हा ६१. पुन्हा ६०. दर ओळ एक सेकंद, म्हणजे मिनिटाला एक उचकी, नाडीसारखी नेमकी. मग त्यानं लॅनची तार थेट राउटरला जोडून बघितली. प्रत्येक ओळ एका मिलिसेकंदाच्या आत. चूक हवेतल्या त्या बारा फुटांत होती, आणि मोबाईल त्याच हवेतून सुखानं चालत होता. उरलं एक नाव: लॅपटॉपच्या पोटातलं वायफाय कार्ड.

उचकी किती मोठी, यापेक्षा ती कोणत्या तालात येते हे जास्त सांगून जातं. गर्दीला ताल नसतो. दर साठ सेकंदांनी येणाऱ्या गोष्टीमागे कोणीतरी घड्याळ लावून बसलेलं असतं.

एकेरी रूळ

आधी गर्दीचं बोलून घेऊ. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला ज्यांनी पाहिली त्यांना वायफाय समजावायला वेळ लागत नाही. अडीच फुटी नॅरोगेज, रूळ एकच. समोरून गाडी येत असेल तर स्टेशनात थांबा. लॅनच्या तारेत जायला आणि यायला सोय एकाच वेळी असते. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका क्षणी एकानंच बोलायचं. कार्ड आधी कान देतं. कोणी बोलत असेल, मग तो शेजाऱ्याचा टीव्ही का असेना, तर थांबतं, आणि हवा शांत झाल्यावरही दोघं एकदम सुरू होऊ नयेत म्हणून चिठ्ठी काढल्यासारखा थोडा जास्तीचा वेळ थांबतं.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला आणि तेव्हापासून सगळेच तिथे शिरले. कागदावर चॅनेल १३, पण एकमेकांच्या पायावर पाय न देणारे तीनच: १, ६ आणि ११. ब्लूटूथही याच पट्ट्यात. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, पुष्कळदा अँटेनाही सामाईक. कानात ब्लूटूथ आणि वायफाय २.४ वर असेल तर एकच माणूस दोन गिऱ्हाइकं सांभाळतोय असं समजा. ५ गिगाहर्ट्झवर गेलं की ही ओढाताण बरीच कमी होते. मात्र ५ च्या लहरी भिंतीपुढे लवकर थकतात.

आणि आपल्या विदर्भाचा खास शत्रू: कूलर. पत्र्याची पेटी लहरींना परतवते, टाकीतलं पाणी आणि ओल्या ताट्या त्यांना पितात. मार्चमध्ये खिडकीत कूलर बसला आणि "तेव्हापासून नेट बिघडलं" असं कोणी म्हणालं तर त्याला हसू नका.

पण गर्दीमुळे आणि कूलरमुळे येणारा उशीर इकडेतिकडे विखुरलेला असतो. घड्याळ लावून येत नाही.

दवंडी आणि डुलकी

राउटर गप्प नसतो. तो सेकंदाला सुमारे दहा वेळा, नेमकं सांगायचं तर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, दवंडी पिटतो: मी अमुक, माझं नाव हे, माझे नियम हे. याला बीकन म्हणतात. या दवंडीत एक यादीही असते: कोणाकोणाचं टपाल माझ्याकडे पडून आहे.

ती यादी झोपणाऱ्यांसाठी. वायफाय कार्डाला सतत कान उघडे ठेवायला बॅटरी लागते. म्हणून काम नसलं की ते राउटरला सांगतं, "मी पडतो जरा, माझं काही आलं तर ठेवा." मग फक्त दवंडीच्या वेळी एक डोळा उघडतं. यादीत नाव असेल तर उठून टपाल घेतं. तुमची वस्तू दवंडीनंतर लगेच आली तर पुढच्या दवंडीपर्यंत, म्हणजे शंभरेक मिलिसेकंद, ती पडून राहणार. कार्ड एक दवंडी सोडून एक ऐकणारं आळशी असेल तर दुप्पट.

डुलकी ओळखायची खूण मला फार आवडते, कारण ती उलटी आहे. पिंग चालू ठेवून एखादी मोठी फाइल उतरवायला लावा. नेटवर ओझं टाकल्यावर पिंग बिघडायला हवं. डुलकीचा आजार असेल तर ते सुधारतं! काम आलं, कार्ड जागं राहिलं. भाच्याकडे हे झालं नाही. फाइल उतरतानाही मिनिटाची उचकी आलीच. म्हणजे डुलकी नव्हे.

शेजारच्या गावची दवंडी

हा खरा गुन्हेगार. तुमचा लॅपटॉप एका राउटरला जोडलेला असला तरी त्याचं मन थाऱ्यावर नसतं. जवळपास यापेक्षा चांगला राउटर आहे का, याची तो अधूनमधून टेहळणी करतो. कॉलेज किंवा रेल्वे स्टेशनसारख्या जागी, जिथे एकाच नावाचे वीस राउटर असतात, तिथे हे हवंच. नाहीतर चालता चालता जोडणी तुटेल. घरी एकच राउटर असताना मात्र हा उद्योग व्यर्थ.

दुसऱ्या राउटरची दवंडी ऐकायची तर त्याच्या चॅनेलवर जावं लागतं. रेडिओ एकच, म्हणजे तेवढा वेळ स्वतःचं चॅनेल सोडायचं. दवंडी दर १०२.४ मिलिसेकंदांनी, तेव्हा खात्रीनं ऐकायची तर प्रत्येक गावी साधारण शंभर मिलिसेकंद थांबा. "कोणी आहे का?" असं स्वतः ओरडून विचारलं तर काम लवकर होतं, पण ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर हवामान खात्याची वगैरे रडारं असतात, तिथे आधी बोलायला मनाई, नुसतं ऐकायचं. २.४ ची तेरा आणि ५ ची वीसेक चॅनेलं फिरायची म्हटलं तर हिशेब दोन-तीन सेकंदांवर जातो.

आणि या काळात राउटरला काय सांगतात? तर "मी झोपतो, टपाल ठेवा." झोपेची सोय आहे, तीच वापरायची. ऑफिसात डोकं दुखतं म्हणून सांगून दुसरीकडे मुलाखतीला जाण्यातला प्रकार! शहाणं कार्ड एका गावी डोकावून परत येतं, साठलेलं टपाल घेतं, मग पुढच्या गावी जातं. उचकी जाणवत नाही. अडाणी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, तीन-चार गावं एका दमात उरकतो. ३४१ आणि १८७ हे आकडे तिथून येतात.

ही टेहळणी कधी होते ते कार्ड, ड्रायव्हर आणि विंडोज मिळून ठरवतात. रेंज कमजोर असली की जास्त. भाच्याच्या खोलीत रेंजच्या दोनच काड्या होत्या, कारण राउटर खाली आणि मधे, हो, कूलर. कार्डाला वाटे, याहून बरं काही मिळेल. दर मिनिटाला बघून येई. शिवाय नकाशा किंवा हवामान दाखवणारा एखादा प्रोग्राम 'आपण कुठे आहोत' असं विचारतो, तेव्हाही विंडोज आसपासचे राउटर मोजायला कार्डाला पिटाळतं.

चौकट : ताल बघा, नाव घ्या

दर ठरावीक वेळानं उचकी, मधे सगळं स्वच्छ : टेहळणी.
रिकामं असताना उशीर, काम दिलं की सुधारणा : डुलकी.
कोणी फोटो किंवा व्हिडिओ वर चढवत असतानाच उशीर : राउटरपाशी लागलेली रांग, कार्ड निर्दोष.
ब्लूटूथ जोडलं की सुरू, काढलं की बंद : एका कार्डावर दोन गिऱ्हाइकं.
कधीही, कितीही, खोली बदलली की फरक : गर्दी, भिंत, कूलर.
पिंग उत्तम, नेट बंद केलं तरी गाण्यात टक टक : पुढे वाचा.

पंगतीतला वाढपी

या शेवटच्या ओळीचा आजार वेगळाच आहे, आणि तो भाच्याला होताच. मिनिटाची उचकी गेल्यावर तो म्हणाला, "मामा, लॅपटॉपमधलं गाणं लावलं तरी बारीक टक टक येऊन राहिली." गाण्याला नेट लागत नाही. मग वायफाय कार्डाचा काय संबंध?

आवाज म्हणजे पंगत आहे. विंडोज साधारण दर १० मिलिसेकंदांनी ध्वनीच्या पानावर वाढतं. सेकंदाला ४८,००० ठिपक्यांचा आवाज असेल तर एका वाढणीत ४८० ठिपके. पान रिकामं झालं आणि वाढपी आला नाही, की स्पीकर 'टक' करतो.

आता दारावर कोणी आलं. कार्डाकडे हवेतून काही आलं की ते प्रोसेसरला हाक मारतं. हाक आली की हातातलं काम सोडून "ठेव तिथे, बघतो" एवढं म्हणायचं, आणि उरलेलं काम थोड्या वेळानं करायचं, अशी विंडोजची रीत. या मागे टाकलेल्या कामाला डीपीसी म्हणतात. गोम अशी की मागे टाकलं तरी त्याचा मान वाढप्याच्या वरचा. ते सुरू झालं की त्या प्रोसेसरवरची साधी कामं थांबतात. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टचं सांगणं आहे: डीपीसी १०० मायक्रोसेकंदांत आटपा, म्हणजे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात. वायफायचा एखादा ढिसाळ ड्रायव्हर दारातच पाच-दहा मिलिसेकंद गप्पा मारत बसतो, आणि इकडे पंगत उपाशी.

तपासायला लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे. घरगुती वापराला फुकट. दहा मिनिटं चालवला की कोणत्या ड्रायव्हरनं सर्वांत जास्त वेळ अडवलं त्याची यादी देतो. यादीत 'एनडीआयएस' हे नाव वर आलं तर लगेच निकाल देऊ नका; ती नेटवर्कची सामाईक बैठक आहे, तारेचं कार्डही तिथेच बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय कार्ड तात्पुरतं बंद करा आणि गाणं लावा. टक टक थांबली तर तेच नाव.

औषध

टक टकीवर पहिलं औषध ड्रायव्हर बदलणं. तो लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यावा. "तुमचे ड्रायव्हर जुने झालेत" म्हणत उडी मारणाऱ्या प्रोग्रामांना घरात घेऊ नये, हे माझं ठाम मत. आणि नवा म्हणजे चांगलाच असं नाही. दुखणं एखाद्या अपडेटनंतर सुरू झालं असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून मागच्यावर जावं.

टेहळणीसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर दोनदा टिचकी मारून 'अॅडव्हान्स्ड' हा भाग उघडा. इंटेलच्या कार्डांत 'रोमिंग अॅग्रेसिव्हनेस' ही नोंद असते. घरात राउटर एकच असेल तर ती सर्वांत खाली ठेवा. तिथेच 'प्रिफर्ड बँड' मध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडता येतं. लोकेशन बंद करा. डुलकी मोडायची तर 'पॉवर मॅनेजमेंट' मधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या, ही खूण काढा आणि पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अडॅप्टरला 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' द्या. ही शेवटची नोंद नव्या लॅपटॉपांत पुष्कळदा दिसतच नाही. बॅटरी थोडी लवकर उतरेल. वीज गेलेल्या दिवशी ते लक्षात ठेवा.

एवढं करूनही रेंज नसेल तर पोटात बघायला हवं. कार्ड असतं टपालाच्या तिकिटाएवढं, २२ बाय ३० मिलिमीटर, एका स्क्रूवर बसवलेलं. त्यातून केसासारख्या दोन तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून वर जातात, कारण अँटेना स्क्रीनच्या कडेला लपलेल्या असतात. बिजागरी दुरुस्त करताना किंवा धूळ काढताना यातली एखादी निसटते, आणि बसवताना टिचकीसारखा आवाज आला नाही तर ती बसलेलीच नसते. मग राउटरशेजारी सगळं झकास आणि पलीकडच्या खोलीत शून्य.

कार्डच बदलायचं ठरलं तर दुकानात नंबर नीट वाचा. इंटेलचं एएक्स २०१ आणि एएक्स २१० दिसायला भावंडं. पण २०१ फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतं, कारण त्याचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो. २१० ला तशी अट नाही. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं असतं. तिथे यूएसबीला लॅनची तार जोडणारं छोटं अडॅप्टर घ्यावं आणि हवेचा नाद सोडावा.

भाच्याकडे स्क्रू उघडायची वेळ आली नाही. राउटर खालून जिन्याच्या वळणावर आणला. कूलर हलवायचा प्रश्नच नव्हता, मे महिना होता. काड्या दोनाच्या चार झाल्या, रोमिंग खाली ओढलं, ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून घातला. मिनिटाची उचकी गेली, टक टकही गेली.

आठवड्यानं पुन्हा फोन. अजून दिवसातून चार-पाच वेळा अडतं, ताल नाही. मी म्हटलं, अडतं तेव्हा तू काय करत असतोस? म्हणाला, काही नाही, सगळं बरं आहे ना म्हणून कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह दाबून रेंज बघतो.

ते चिन्ह दाबलं की आसपासच्या राउटरांची यादी उघडते. आणि ती यादी ताजी करायला कार्ड गावोगाव हिंडून येतं.